शुगर आहे, पण कुठली?

दिवाळीचा फराळ संपता संपता दरवर्षी माझ्याकडे एकाच विषयाची पत्रं यायला लागतात. त्यात मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की "मला शुगर आहे" एवढंच सांगणं म्हणजे "मला ताप आहे" सांगण्यासारखं आहे, मलेरियाचा की डेंग्यूचा की टायफॉइडचा ते कळल्याशिवाय पुढचं काय बोलणार. तर त्यावर बऱ्याच जणांनी विचारलंय की शुगरमध्ये असे प्रकार तरी किती, आणि आपली कुठली ते ओळखायचं कसं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत, गावं तेवढी ठेवलीत.

डॉक्टरताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, चौथीला. ऑगस्टपासून सारखं पाणी पाणी करायला लागला, शाळेची बाटली मधल्या सुट्टीच्या आत संपायची, रात्री तीन-तीनदा उठायचा, दोनदा तर अंथरूण ओलं केलं, मी रागावले त्याला, आता आठवलं की रडू येतं. शाळेची पँट ढिली झाली तर सासूबाई म्हणाल्या उंच व्हायला लागलाय म्हणून वाळलाय. मग एक दिवस पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि डोळेच उघडेना, तसाच सोलापूरला नेला. तिथे शुगर ५४० निघाली. आता दिवसातून ४ वेळा इन्सुलिन आहे. आमच्या दोन्ही घरांत कुणालाच शुगर नाही. मी चॉकलेटं जास्त दिली का? मोठा झाल्यावर जाईल का? आणि एक नातेवाईक म्हणतायत झाडपाल्याचं औषध आहे, इन्सुलिनची सवय लावू नका. — एक आई, बार्शी

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो थांबू शकत नाही. इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. कुणीही सांगू दे, कितीही जवळचा असू दे. सवय वगैरे काही नसतं, त्याच्या शरीरात ते बनणंच थांबलंय म्हणून बाहेरून द्यावं लागतंय, पाण्याची सवय लागली असं आपण म्हणतो का कधी?

ही टाइप १. तुमच्याकडे शेती असेल तर लगेच कळेल बघा. पाटाला पाणी सुटलंय, पण सरीत पाणी जायचं तर कुणीतरी दारं धरायला पाहिजे ना. आपण खाल्लेल्याची साखर होते ती रक्तातून वाहते, ती पेशींमध्ये सोडायला दारं धरणारा गडी म्हणजे इन्सुलिन. तो स्वादुपिंडातल्या बीटा पेशी तयार करतात. टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा चुकून त्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या संपवत जाते. म्हणजे गडीच नाही. पाट तुडुंब आणि पीक वाळतंय. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती अडवून धरता येत नाही, ती लघवीतून सांडायला लागते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त, म्हणून गादी ओली. तहान लागून पाणी जास्त प्यायला म्हणून लघवी वाढली असं घरच्यांना वाटतं, खरं ते उलट असतं. आणि पेशी उपाशी म्हणून शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन नावाची आम्ल तयार होतात, ती साठली की पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, काही वेळा तोंडाला अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. तुमच्या मुलाची ती धाप म्हणजे हेच. पित्त नव्हतं ते.

चॉकलेटांचा काही संबंध नाही, तो विषय मनातून काढून टाका. घरात कुणाला नसताना होणं हेच टाइप १ मध्ये जास्त दिसतं. मोठा झाल्यावर जात नाही, पण मोठा होतो, कॉलेजला जातो, लग्न करतो, सगळं करतो. हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला जगातलं पहिलं इन्सुलिन दिलं, तोवर या मुलांना उपाशी ठेवून चार दिवस जास्त जगवणं एवढाच इलाज होता, तो पोरगा हाडांचा सापळा झाला होता. पहिलं इंजेक्शन नीट शुद्ध नव्हतं, उपयोग झाला नाही, १२ दिवसांनी सुधारलेलं दिलं आणि पोरगा उठून बसला, पुढे १३ वर्षं जगला, ती सुद्धा त्या काळच्या ओबडधोबड इन्सुलिनवर. ते शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्या दिवशी, आणि आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. मला दर वर्षी वाटतं की त्या दिवशी शाळेत फुगे लावण्याबरोबर "खूप पाणी, खूप लघवी, वजन कमी" एवढे सहा शब्द फळ्यावर लिहिले तरी दरवर्षी काही पोरं आयसीयूत जायची वाचतील.

एक धोका आत्ताच सांगून ठेवते. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी कधी कधी डोस एकदम कमी लागतो, उरल्यासुरल्या बीटा पेशी थोडा दम धरतात म्हणून, डॉक्टर लोक याला हनिमून म्हणतात, काही महिने चालतो आणि मग संपतो. नेमक्या याच काळात झाडपाल्याला यश येतं बघा! घरचे म्हणतात औषध लागू पडलं, इन्सुलिन बंद करतात, आणि पोरगं परत बेशुद्ध होऊन येतं. मी असं दोनदा बघितलंय, दुसऱ्या वेळी उशीर झाला होता. डोस कमी झाला तर आनंद माना, पण सुई बंद नाही.

बाकी तीन गोष्टी. दप्तरात साखरेची पुडी कायम ठेवा, आणि वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की हा थरथरला, घामाघूम झाला, उगाच चिडचिड करायला लागला तर शुगर खाली गेलीये असं समजायचं, ७० च्या खाली, ३ चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत बघायचं, पण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. वर्गातून लघवीला जायची परवानगी मागावी लागू नये हेही सांगा. दुसरं, आजारी पडला, जेवत नाहीये, उलट्या होतायत म्हणून मनाने इन्सुलिन टाळू नका, त्याच दिवसांत ते जास्त लागतं, डॉक्टरांना फोन करा. तिसरं म्हणजे बार्शीचा उन्हाळा. फ्रीज असेल तर दारातल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याजवळ नको, एकदा गोठलं की ते वाया गेलं. लाइट जात असेल तर मातीचा माठ घ्या, बाहेरून ओलं कापड गुंडाळा, आत कोरड्या झाकणाच्या डब्यात इन्सुलिन. खेड्यापाड्यात कितीतरी घरं असंच करतात आणि ते चांगलं चालतं.

आणि रागावल्याचं म्हणाल तर, ताई, अंथरूण ओलं केलं म्हणून प्रत्येक आई रागावते. त्याला एकदा जवळ घेऊन सांगून टाका की ती तुझी चूक नव्हती, मला माहीत नव्हतं.

मॅडम, वय ३४, वजन ५८ किलो, उंची ५ फूट ६ इंच. हिंजवडीत आयटीत आहे. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये उपाशीपोटी १३२ आणि एचबीएवनसी ६.८ आलं. मला काहीही त्रास नाही, तहान नाही, लघवी नाही, थकवा आहे पण तो कुणाला नाही. सगळे म्हणतात तू तर काडी पैलवान, लॅबची चूक असेल. आई-बाबा दोघांना शुगर आहे पण ते जाड आहेत. परत टेस्ट करू की सोडून देऊ? — पुणे

सोडून देऊ नका. एकच आकडा वर असता आणि त्रास काही नसता तर मी म्हटलं असतं थांबा, दुसऱ्या दिवशी परत करा. पण उपाशीपोटी १२६ किंवा वर, आणि एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.५ किंवा वर, हे दोन्ही एकाच वेळी वर आलेत, निदान व्हायला ते पुरतं. लॅबची चूक दोन वेगवेगळ्या टेस्टमध्ये एकाच दिशेने होत नाही सहसा. खात्री म्हणून परत करायची तर करा, पण "लॅब बदलून बघू, तिकडे कमी येईल" हा खेळ खेळू नका. मला असे पेशंट माहीत आहेत जे चार लॅब फिरून ज्यांचा आकडा सगळ्यात कमी तो रिपोर्ट फाइलला लावून येतात.

आता काडी पैलवानाचं. याचं उत्तर तुमच्याच पुण्यात सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण मोजल्यावर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि चरबी पोटात लपलेली, आतल्या अवयवांभोवती. आणि हे मोठेपणी बसून बसून होतं एवढंच नाही, याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली तर ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी, सरासरी २.७ किलो तिथल्या ३.५ च्या समोर, पण त्यांची चरबी तेवढी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे आपण जन्मतःच बारीक-जाड. बाहेरून बारीक, आतून जाड.

तर वजनकाटा बाजूला ठेवा आणि शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या थोडं वर, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८० च्या वर गेलं तर ते जास्त. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण सगळे पोटाच्या खाली घालतो. अजून एक बघा, आरशात मान वळवून मागून. मानेच्या घडीत किंवा काखेत काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा असेल, घासून घासून निघत नसेल, तर तो मळ नाही. इन्सुलिन अंगात आहे पण लागू पडत नाही याची ती खूण असते. आया पोरींची मान लिंबू आणि बेसन लावून घासत बसतात, त्यापेक्षा एकदा शुगर बघून घेतलेली बरी.

तुमची बहुतेक टाइप २. वरच्या पत्रातला पाट आठवा, इथे गडी आहे, पण दारं गाळाने बुजलीत, मग तो दुप्पट राबतो, वर्षानुवर्षं राबतो, तोवर रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि शेवटी तो थकायला लागतो तेव्हा आकडे वर चढतात. म्हणून त्रास काही नाही. टाइप १ तीन आठवड्यांत आडवं करते, टाइप २ कित्येक वर्षं शेजारी बसून राहते आणि कळूच देत नाही. लक्षणं दिसली की टेस्ट करू म्हणणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं, तुमच्या १३२ ला तहान लागणारच नाही, ती १८० च्या पुढची गोष्ट.

"बहुतेक" म्हटलं कारण तुम्ही तरुण आहात आणि बारीक आहात. कधी कधी टाइप १ सारखाच प्रकार मोठेपणी येतो आणि खूप हळू चालतो, त्याला लाडा म्हणतात. सुरुवातीला गोळ्यांनी भागतं, वर्ष-दोन वर्षांत गोळ्या चालेनाशा होतात आणि सगळे पेशंटला म्हणतात तू पथ्य पाळत नाहीस. वजन आपोआप उतरत असेल किंवा गोळ्यांना दाद नसेल तर डॉक्टरांना सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या टेस्टबद्दल विचारा. तुमच्या आई-बाबा दोघांना आहे म्हणजे टाइप २ चीच शक्यता जास्त, पण विचारायला काय जातंय.

ताई, मी २६ आठवड्यांची गरोदर आहे, पहिलंच. ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं त्यात १५६ आलं. आधी कधीच शुगर नव्हती. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खायचं, डॉक्टर म्हणतात भात-साखर कमी. बाळाला शुगर होईल का? आणि मला ती कायमची राहील का? — डोंबिवली

१४० किंवा वर आलं की गरोदरपणातली शुगर धरतात, तेव्हा हो, आहे. वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, जी हार्मोन्स येतात ती इन्सुलिनला दाद लागू देत नाहीत, जसजसे महिने भरतात तसं ते वाढत जातं. बहुतेक बायकांचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून भागवून नेतं, काहींना नाही जमत. तुम्ही गोड खाल्लं म्हणून झालं असं नाही. त्रास काही होत नाही, म्हणूनच ती टेस्ट सगळ्यांना करतात, पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत. पहिली नॉर्मल होती म्हणून दुसरी चुकवू नये ते यासाठीच.

बाळ शुगर घेऊन जन्मत नाही. पण आईच्या रक्तातली जादा साखर बाळाला पोचते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, अंगाने भरतं, आणि बाहेर आल्या आल्या साखरेचा पुरवठा बंद झाला की त्याची शुगर खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या तासात अंगावर पाजायचं आणि त्याची शुगर बघायची, हे डिलिव्हरीच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.

सासूबाईंना सांगा दोन जिवांचं खा म्हणजे दोन ताटं नाही, एकच ताट नीट भरलेलं. भाकरी, उसळ, भाजी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, भात वाटीभर. एकदम जास्त नको, थोडं थोडं पाच-सहा वेळा, आणि जेवून लगेच लवंडायचं नाही, घरातल्या घरात १५-२० मिनिटं फिरायचं. डोहाळजेवणाला पेढ्याचा तुकडा खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही, रोजच्या चहातली साखर जास्त नडते. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं, नाही भागलं तर औषध किंवा इन्सुलिन देतात, घाबरू नका, इन्सुलिन बाळाला पोचत नाही.

बाळंतपणानंतर बहुतेकींची शुगर उतरते आणि मग सगळ्या ती विसरतात. इथे माझी तक्रार आहे. बाळाच्या लसी एक दिवस चुकत नाहीत, पण आईची सहाव्या आठवड्याची ग्लुकोज टेस्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. ती करा. आणि पुढे दर वर्षी करा, कारण एकदा गरोदरपणात आली की पुढे टाइप २ व्हायची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी जास्त असते. बाळाच्या वाढदिवसाला करत जा, विसरणार नाही.

नमस्कार डॉक्टर, वय ६७. गेली दहा वर्षं मी "बॉर्डरलाइन" आहे, गोळी नाही, पथ्यही खास नाही. हल्ली रात्री तळपायांची आग होते, पंखा पायावर घ्यावा लागतो. मागच्या महिन्यात एक गंमत झाली, स्कूटर लावून मासळी बाजारात चालत गेलो आणि कोळीण म्हणाली बाबा एक चप्पल कुठाय? मला पत्ताच नाही कधी निसटली. हे वयामुळे का? — म्हापसा, गोवा

काका, गंमत नाही ही. चप्पल पायातून निसटली आणि कळलं नाही, हे वाक्य कुणीही बोललं तरी मी शुगर बघितल्याशिवाय त्याला सोडत नाही. पायाच्या नसा बधिर व्हायला लागल्याची ती खूण असते, आणि गंमत म्हणाल तर ही आहे की तेच पाय आग आग पण होतात. बधिरही आणि आगही, दोन्ही एकदम.

"बॉर्डरलाइन" म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४. त्याच्या पुढे गेलं की ती बॉर्डर नाही, पलीकडचा देश. शेवटची टेस्ट कधी केली ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि मला दाट शंका आहे की ती चार-पाच वर्षांपूर्वीची असेल. हा शब्द लोकांना फार आवडतो, एकदा मिळाला की जन्मभर पुरवतात. २०२३ मध्ये आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे आले त्यात देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक असे उंबरठ्यावर निघाले, आणि राज्यांत सगळ्यात वर तुमचा गोवा, २६.४ टक्के, म्हणजे चारात एक. तेव्हा तुमच्या बाकावर तुम्ही एकटे नाही.

आता हे करा. या आठवड्यात उपाशीपोटी, जेवणानंतरची आणि एचबीएवनसी, शिवाय लघवीतलं प्रोटीन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि बी १२ जीवनसत्त्व, कारण बी १२ कमी असलं तरी पाय असेच वागतात. रोज रात्री झोपताना तळपाय बघायचे, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. बोटांच्या बेचक्यात पण. आणि अनवाणी अजिबात नाही, देवळात मोजे घालून जा, दुपारच्या उन्हात देवळाच्या फरशीवर तळवे भाजून आलेले आणि संध्याकाळी फोड बघून कळलेले लोक माझ्याकडे आलेत. गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी आधी घरच्या दुसऱ्या कुणाला तरी हात घालून बघायला सांगा.

चोरपावलाने येणाऱ्या टाइप २ च्या अजून काही खुणा असतात ज्या कुणी शुगरशी जोडत नाही. चष्म्याचा नंबर सहा महिन्यांत दोनदा बदलणं. बायकांना योनीमार्गात आणि पुरुषांना लिंगाच्या टोकाशी वारंवार खाज, ही तर लाजेने कुणी सांगतच नाही, मेडिकलमधून मलम आणून लावत बसतात. हिरड्या सुजणं, दात हलणं. खांदा धरणं, हात मागे नेऊन शर्ट खोचता न येणं. ब्लेडची छोटी जखम महिनाभर ओली राहणं.

लघवीला मुंग्या लागल्या तर शुगर असते हे खरं का? — कोल्हापूर

खरं, आणि जुनं. चरक-सुश्रुतांनी गोड लघवीचा रोग म्हणूनच त्याला मधुमेह म्हटलं आणि मुंग्यांचंही लिहून ठेवलंय. पण मुंग्यांची वाट बघायची नाही, त्या फार उशिरा येतात. आणि आता एक नवीन घोटाळा झालाय, शुगरच्या काही नव्या गोळ्या मुद्दामच साखर लघवीवाटे बाहेर काढतात, त्या चालू असताना शुगर कंट्रोलमध्ये असली तरी मुंग्या येणार. घाबरून गोळी बंद करू नका.

हिमोग्लोबिन ८ आहे आणि एचबीएवनसी ६.६ आलंय, त्रास काही नाही. — नागपूर

आधी हिमोग्लोबिनचं बघा. लोह कमी असलं की एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. आणि घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, विदर्भात तो बराच आहे, तर या टेस्टवर भरवसाच ठेवू नका. उपाशीपोटीची आणि ग्लुकोजची टेस्ट करून ठरवा.

टाइप ५ असं काही वाचलं, ३ आणि ४ कुठे गेले? — लातूर

चांगला प्रश्न! स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन किंवा त्यात खडे होऊन जी शुगर येते तिला ३ सी म्हणतात, पोटात सारखं दुखणं, तेलकट जुलाब आणि मग शुगर असा तिचा माग असतो. ४ म्हणून रोजच्या प्रॅक्टिसमध्ये काही नाही. टाइप ५ म्हणजे लहानपणी पोटाला पुरेसं न मिळालेल्यांची शुगर, अगदी बारीक तरुण मुलं, इन्सुलिन कमी बनतं पण टाइप १ सारखी कीटोनची भानगड सहसा होत नाही. हिला १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने यादीत घेतलं होतं, १९९९ मध्ये काढलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने परत मान्यता दिली. आपल्याकडे कुपोषण कुठे कुठे आहे ते सांगायला नको. शिवाय एकाच जीनमुळे पिढ्यान् पिढ्या तरुणपणीच येणारी मॉडी आहे, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चढणारी आहे, ही दम्याच्या आणि सांधेदुखीच्या पेशंटनी लक्षात ठेवा, विशेषतः जे लेबल नसलेल्या पुड्या आणतात त्यांनी, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

आमच्या सोसायटीत एकाकडे शुगरचं मशीन आहे, रविवारी सगळे तिथेच चेक करतो. माझी मागच्या रविवारी २९०, त्याच दिवशी संध्याकाळी १२४. कुठली खरी? — नाशिक

पहिली गोष्ट, मशीन एक चालेल पण सुई प्रत्येकाला नवीन. एकच सुई पुसून दहा जणांना टोचत असाल तर आज बंद करा, शुगर राहील बाजूला आणि हिपॅटायटिस बी ची कावीळ घेऊन याल. बोटात धरायचं ते टोचायचं पेनही दुसऱ्याचं वापरू नका.

आणि २९० चं सांगते, आमच्याच घरात झालंय म्हणून. मागच्या महिन्यात माझ्या मामांची शुगर मी स्वतः बघितली, ३११. मामी रडकुंडीला आल्या, मी औषधांची फाइल काढली, मामांवर ओरडले, ते बिचारे शपथा घेतायत की काही खाल्लं नाही. मग माझं लक्ष त्यांच्या खुर्चीशेजारच्या ताटलीकडे गेलं, त्यात सीताफळाच्या बिया आणि सालं. म्हटलं मामा हे काय, तर म्हणाले मी नाही गं खाल्लं, नातवाला सोलून दिलं. हात पायजम्याला पुसले होते. बेसिनवर नेऊन साबणाने धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटातून घेतलं, १३८.

तुमच्या सोसायटीत रविवारी सकाळी नाश्त्याला काय असतं ते मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी आधी हात धुऊन या.